बंद लाईनवरचा माणूस

"शेतीच्या फिडरचं परमिट पाहिजे." ३३/११ केव्हीच्या कुठल्याही ग्रामीण उपकेंद्रात फोनवरून सारखं येणारं हे वाक्य. पलीकडे लाईनमन असतो, खांबाखाली उभा. अलीकडे यंत्रचालक, समोर पॅनेल आणि एक लांबडी नोंदवही. यंत्रचालक फिडरचं नाव पुन्हा विचारतो, लाईनमनचं नाव विचारतो, ब्रेकर पाडतो आणि यार्डात जाऊन आयसोलेटर उघडतो. ब्रेकरच्या पोटात काय झालं ते दिसत नाही. आयसोलेटरची पाती बाजूला झालेली डोळ्यांनी दिसतात, म्हणून हा दुसरा खटाटोप. मग हँडलला कुलूप, 'माणसे काम करीत आहेत' अशी पाटी, आणि वहीत नाव, वेळ, परमिटचा क्रमांक. तो क्रमांक फोनवर सांगितला की परमिट दिलं गेलं.

परमिटचा एक नियम बाहेरच्या माणसाला हट्टीपणाचा वाटेल. ज्याच्या नावावर परमिट, त्यानेच ते परत करायचं. साहेबांचा फोन आला, सरपंचांचा आला, लाईनमनच्या जोडीदाराचा आला, तरी ब्रेकर लावायचा नाही. जोडीदार खाली उतरून विडी ओढत असेल, पण परमिट घेणारा अजून वर असू शकतो. आता काही ठिकाणी मोबाईलवर ओटीपी आल्याशिवाय परमिट सुटत नाही अशी सोय झाली आहे. मूळ कल्पना तीच: वर चढलेल्या माणसाच्या जिवाची किल्ली त्याच्याच खिशात राहावी.

चालू तारेला हात लावला तर काय होतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लाईनवरच्या अपघातांच्या ज्या हकिकती मी ऐकल्या, त्यांतल्या बहुतेकांमध्ये माणूस अडाणीपणामुळे गेलेला नव्हता. तार बंद आहे, असं त्याला वाटत होतं. कुणीतरी तसं सांगितलं होतं, किंवा गावात अंधार दिसत होता, किंवा पाच मिनिटांपूर्वी ती खरंच बंद होती. म्हणूनच लाईनकामाची सगळी शिस्त एकाच गोष्टीभोवती बांधलेली आहे: बंद असल्याचं कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, स्वतःच्या हाताने सिद्ध करायचं. आणि माझ्या मते खरी अडचण अशी, की सिद्ध करण्याची ही साधनं आणि हा अधिकार सगळ्यांना सारखा मिळत नाही.

बंद केलेली लाईन पुन्हा चालू कशी होते? उपकेंद्रातून चुकून, हा सर्वात सोपा प्रकार. त्याहून फसवा प्रकार फिडरचा. बऱ्याच भागांत गावठाणाचा फिडर वेगळा, शेतीचा वेगळा. दोन्ही कधी एकाच खांबावरून जातात, कधी एकमेकांना ओलांडतात. गावठाण बंद करून घेतलं आणि हात घातला शेतीच्या तारेला, असं अंधारात, पावसात, घाईत होऊ शकतं. तारांवर नावं लिहिलेली नसतात.

तिसरा प्रकार उलट्या पुरवठ्याचा. ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आपली डीपी, ११ हजार व्होल्ट घेते आणि ४१५ व्होल्ट देते, एवढंच आपल्याला माहीत असतं. ती दोन्ही दिशांनी चालते. लाईट गेली, कुणी जनरेटर सुरू केला आणि चेंजओव्हर स्विच न बसवता त्याची वायर थेट घराच्या बोर्डाला जोडली, तर ती वीज मीटरमधून मागे फिरून डीपीच्या लघुदाब बाजूला पोहोचते आणि पलीकडच्या बाजूला हजारो व्होल्ट होऊन उभी राहते. उपकेंद्रात ब्रेकर पडलेला, आयसोलेटर उघडा, कुलूप लागलेलं, वहीत सगळं चोख, आणि तार जिवंत. लग्नाच्या मांडवातला जनरेटर असा दोन किलोमीटरवरच्या खांबावरच्या माणसाला मारू शकतो. चौथा प्रकार प्रवर्तनाचा. २२० केव्हीसारखी मोठी लाईन शेजारून समांतर जात असेल तर तुटक पडलेल्या तारेतही दाब उभा राहतो, तिला कुणी जोडलेलं नसताना. आणि पाचवा आकाशातला. काम चालू आहे तिथे ऊन असलं तरी दहा मैलांवर वीज कडाडत असू शकते, आणि तार तिथूनच आलेली असते.

या सगळ्यांवर लाईनमनजवळ एकच उत्तर आहे आणि ते दिसायला अगदी साधं आहे. डिस्चार्ज रॉड: लांब इन्सुलेटेड दांडा, टोकाला हूक, हुकाला तांब्याची लवचीक वायर, वायरीच्या दुसऱ्या टोकाला क्लॅम्प. आधी क्लॅम्प जमिनीशी जोडायचा, म्हणजे अर्थिंगला, आणि मग हूक एकेका तारेवर टाकायचा. काढताना बरोबर उलट: आधी हूक, शेवटी क्लॅम्प. क्रम चुकला तर रॉडची वायरच जिवंत होते आणि ती हातात असते. रॉड टाकल्यावर तारेत राहिलेला भार जमिनीत जातो, हे त्याचं छोटं काम. मोठं काम पुढचं. रॉड लावून ठेवलेला असताना कुणी लाईन चालू केलीच, तर ती तिथल्या तिथे जमिनीशी शॉर्ट होते, उपकेंद्रातला ब्रेकर पडतो, आणि काम चाललेल्या जागी दाब फारसा चढतच नाही. म्हणून रॉड कामाच्या दोन्ही अंगांना लावायचे. वीज कुठून येईल हे आपण ठरवायचं नसतं.

हे इतकं सोपं असेल तर होत का नाही? उन्हाळ्यात वळवाचा पाऊस येतो, तेव्हा एखाद्या शाखा कार्यालयात बसून पाहावं. खांबावरचे चिनी मातीचे इन्सुलेटर, ज्यांना लाईनमन चिमण्या म्हणतात, ते दिवसभर तापलेले असतात. त्यांच्यावर थंड पाण्याचे थेंब पडले की तडकतात. चिमणी फुटली की फिडर ट्रिप. फुटलेली चिमणी खालून दिसत नाही. एकेक खांब हुडकत जावं लागतं. त्या वेळी लाईनमनचा फोन वाजत असतो. दळण थांबलंय, पाणी थांबलंय, पोरांची परीक्षा आहे, आमच्या आळीचीच लाईट कशी जाते. तो आधी एका खांबावर चढलेला असतो, पुढचे आठ खांब बाकी असतात. रॉड मोटरसायकलवर न्यायचा तर एक हात गुंतून राहतो. दुरुस्ती दोन मिनिटांची असते आणि रॉड लावायला-काढायला दहा लागतात. त्या दहा मिनिटांवर कुणी शाबासकी देत नाही. उशिरावर मात्र शिव्या ठरलेल्या. ४ मार्चला देशभर लाईनमन दिवस साजरा होतो, सत्कार होतात, छान भाषणं होतात. मला विचाराल तर त्या दिवशी ग्राहकांना एकच विनंती करावी: वीज आली नाही तर दहा मिनिटं फोन करू नका.

लाईनमन हा शब्दही आता एका माणसाचा राहिलेला नाही. २००५मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झालं. पुढे पदांची नावं बदलली: विद्युत सहायक, तंत्रज्ञ, वरिष्ठ तंत्रज्ञ, प्रधान तंत्रज्ञ. त्यांच्या शेजारी कंत्राटदारामार्फत आलेले बाह्यस्रोत कामगार आले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार लाईनवर काम करणारी माणसं नावानिशी नेमलेली असावी लागतात. वाटेल त्याने खांबावर चढायचं नाही. कागदावर हे पक्कं आहे. पण कागद आणि खांब यांच्यामध्ये गावोगाव आणखी एक माणूस उभा असतो. त्याला झिरो वायरमन म्हणतात.

झिरो वायरमन कुठल्याही हजेरीपटावर नसतो. बहुतेकदा गावातलाच पोरगा, कधी आयटीआय केलेला, कधी बघून शिकलेला. मोटर बांधतो, घरांची फिटिंग करतो, डीपीचा फ्यूज गेला तर शंभर-दोनशे रुपयांत तार घालून देतो. खरा लाईनमन आठ-दहा गावं सांभाळत असतो. रात्री अकराला तो येणार नाही आणि याला हाक मारली की हा येतो. गावाची त्याच्यावर माया असते, आणि खरं सांगायचं तर लाईनमनचीही. हळूहळू तो एकटा डीओ (ड्रॉप-आउट फ्यूज) पाडू लागतो, एबी (एअर ब्रेक) स्विच ओढू लागतो, खांबावर चढू लागतो. त्याच्याकडे पकड असते, टेस्टर असतो आणि लोकांनी दिलेला विश्वास असतो. रॉड नसतो, सेफ्टी बेल्ट नसतो, रबरी हातमोजे नसतात, आणि मुख्य म्हणजे परमिट मागण्याचा अधिकार नसतो. त्याने उपकेंद्राला फोन केला तर नियमानं यंत्रचालकाने त्याला नाही म्हणायला हवं. मग फिडर बंद कोण करून घेतं? ओळखीवर, तोंडी, कधी दुसऱ्याच्या नावावर. म्हणजे ज्याला वर चढायचं आहे त्याचं नाव वहीत नाही, आणि वहीत ज्याचं नाव आहे तो घरी जेवतोय.

अपघात झाला की वीज कायदा २००३च्या कलम १६१प्रमाणे त्याची खबर द्यावी लागते आणि विद्युत निरीक्षक चौकशीला येतो. जो माणूस व्यवस्थेत कुठेच नव्हता, त्याच्या बाबतीत व्यवस्थेला सगळ्यात सोपं उत्तर उपलब्ध असतं: तो तिथे का चढला हे आम्हाला माहीत नाही.

त्याच्याही खालच्या पायरीवर शेतकरी आहे. कृषिपंपांना वर्षानुवर्षं आठवड्याच्या पाळीने वीज मिळत आली, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला गव्हाला किंवा उसाला पाणी द्यायचं म्हणजे ओल्या पायाने, ओल्या हाताने, बॅटरीच्या उजेडात पत्र्याची स्टार्टरची पेटी उघडायची. माणसाला मारायला किती वीज लागते हे एकदा हिशेबाने पाहावं. नऊ वॅटचा एलईडी दिवा सुमारे ४० मिलिअँपिअर घेतो. घरात बसवतात तो गळतीचा ब्रेकर ३० मिलिअँपिअरला पडतो, कारण त्यापुढे धोका सुरू होतो. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच हाताचे स्नायू आवळून बसतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. 'विजेनं ओढून घेतलं' असं लोक म्हणतात ते यामुळे. ओढत कुणी नाही, आपलीच मूठ उघडत नाही. शेतातल्या मोटारीच्या पेटीत असा ब्रेकर मी क्वचितच पाहिला आहे. पेटीचं अर्थिंगही बहुधा कधीतरी तुटलेलं आणि तसंच राहिलेलं असतं.

शेतातलं सर्वात कपटी दृश्य म्हणजे जमिनीवर पडलेली तार. तार तुटली की उपकेंद्रात फिडर ट्रिप होईल असं आपण धरून चालतो. पुष्कळदा होतोही. पण कोरडा मुरूम, खडक, डांबर यांतून वीज जमिनीत फार थोडी उतरते. ब्रेकरला तो एखाद्या मोटारीचाच भार वाटतो आणि तो जागचा हलत नाही. तार शांतपणे पडलेली, ना ठिणगी ना आवाज, आणि तिच्यात ११ हजार व्होल्ट तसेच. ती तार जिथे टेकते तिथून जमिनीतला दाब बाहेरच्या बाजूला कमी कमी होत जातो, पाण्यात खडा टाकल्यावर तरंग विरत जावेत तसा. एक पाय एका तरंगावर आणि दुसरा पुढच्यावर पडला की दोन पायांत फरक उभा राहतो आणि वीज एका पायातून वर जाऊन दुसऱ्यातून उतरते. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, मधे काळीज. म्हणून त्याच जागी माणूस झटका खाऊन वाचतो आणि बैल जागेवर पडतो. बैल पडला की मालक धावतो, तो धावण्यातच जातो.

अशा तारेपासून निदान दहा मीटर लांब राहायचं, दुसऱ्यांना अडवायचं आणि १९१२ क्रमांकावर किंवा उपकेंद्रात फोन करायचा. आधीच जवळ गेलेलो असू तर लांब टांगा टाकायच्या नाहीत; दोन्ही पाय जमिनीवरून न उचलता घासत, टाच-चवड्याच्या अंतराने मागे सरकायचं. काठीने तार बाजूला करण्याचा सल्ला घरगुती विजेपुरता ठीक असेल. ११ हजार व्होल्टला ओली काठी आणि लोखंडी सळई यांत फारसा फरक वाटत नाही.

दसऱ्यानंतर गाळप सुरू झालं की कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या लागतात. रस्ता ओलांडणारी लघुदाबाची तार जमिनीपासून ५.८ मीटर आणि उच्चदाबाची ६.१ मीटर वर असावी, हे १९५६च्या भारतीय विद्युत नियमांत ठरलं आणि २०१०च्या विनियमांतही तसंच राहिलं. शेतातून जाणाऱ्या ११ केव्हीच्या उघड्या तारेला मात्र ४.६ मीटर पुरेसे मानले आहेत. उसाच्या मोळ्या रचलेल्या ट्रॉलीवर एक गडी उभा राहिला तर त्या हिशेबात काय उरतं ते आपणच पाहावं. आणि हे अंतर लाईन ओढली त्या दिवसाचं. त्यानंतर काळ्या मातीत खांब कलतात. उन्हाने आणि भाराने अॅल्युमिनियम लांबतं आणि तार लोंबते. तिसरं कारण कुणाच्या लक्षात येत नाही: रस्त्यावर दर काही वर्षांनी खडी-डांबराचा नवा थर चढतो. खांब तिथेच, तार तिथेच, रस्ताच वर येत राहतो. रस्ता करणारं खातं वेगळं आणि तारेचं वेगळं. हे अंतर पुन्हा मोजण्याचं काम मधल्यामधे राहून जातं. कापसाचे ट्रक, कडब्याच्या गाड्या, बोअरवेलची गाडी, हार्वेस्टर, डंपरचा उचललेला हौद, मिरवणुकीतली उंच मूर्ती, सगळे याच फटीतून जातात.

ट्रॉली किंवा जेसीबी तारेला लागलाच तर चालकाने काय करावं? आत बसून राहावं. मनाविरुद्ध आहे, पण बरोबर तेच आहे. केबिनमध्ये सगळीकडे एकच दाब असतो, म्हणून पक्षी तारेवर बसतो तसा तो वाचतो. एक पाय जमिनीवर आणि हात दांडीला, ही उतरण्याची नेहमीची पद्धत मारते. जमल्यास गाडी मागे घ्यावी, नाहीतर वीज बंद होईपर्यंत कुणालाही जवळ येऊ देऊ नये. आग लागली तरच बाहेर पडायचं, आणि तेही दोन्ही पाय जुळवून, गाडीला कुठेही न शिवता उडी मारून, आणि पुढे तसंच पाय घासत.

शहरात लोकांना वाटतं, तारा जमिनीखाली गेल्या की प्रश्न मिटला. मुंबई बेटावर तो असाच मिटवला गेला. १९०५मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे महापालिकेच्या ताब्यात आलेल्या बेस्टचं जाळं जमिनीखालून पसरलं. धोका त्यामुळे संपत नाही, नजरेआड होतो. भारतीय मानकाप्रमाणे लघुदाबाची केबल ७५ सेंटिमीटर, ११ केव्हीची ९० सेंटिमीटर आणि ३३ केव्हीची १०५ सेंटिमीटर खोल टाकायची, खाली-वर वाळू, त्यावर विटा किंवा फरशा. जेसीबीची बादली एका घासात तेवढं खोल जाते. विटा दिसल्या की थांबायचं असतं. त्या कचऱ्याच्या नव्हेत, इशाऱ्याच्या आहेत. पण चालकाला हे कुणी सांगितलेलं नसतं, आणि त्याला पैसे मीटरवर मिळतात, थांबण्यावर नव्हे. २०२३च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप आणलं, खोदणाऱ्याने आधी जमिनीखालच्या मालकांना कळवावं म्हणून. चांगली सोय आहे. पण नळजोडणीसाठी रात्री फुटपाथ फोडणारा मुकादम ते उघडेल असं मला वाटत नाही, आणि जुन्या केबलींचे नकाशे तरी कुठे धड आहेत! म्हणून केबल आहे अशी शंका आली की शेवटचा भाग हाताने, लाकडी दांड्याच्या फावड्याने, बाजूने उकरत खोदायचा; पहार किंवा टिकाव उभा मारायचा नाही.

तुटलेली केबल दुरुस्त करायला येणाऱ्या माणसापुढेही तोच जुना प्रश्न असतो. चरात चार केबली शेजारी शेजारी, सगळ्या सारख्या. यांतली कोणती बंद केली? केबल बंद केल्यावरही तिच्यात भार साठून राहतो, तो आधी जमिनीत सोडावा लागतो. आणि कापण्याआधी केबलमध्ये दुरून एक खिळा ठोकण्याची पद्धत आहे. चुकीची केबल असेल तर स्फोट त्या खिळ्यावर होतो, माणसावर नाही. महागडी आणि ओबडधोबड वाटते, पण परमिट, रॉड आणि हा खिळा एकाच घराण्यातले आहेत.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, मंडणगडकडे खांब हजारोंनी आडवे झाले आणि राज्याच्या इतर भागांतून लाईनमनच्या तुकड्या आल्या. त्यांना खांबावर चढायला शिकवावं लागत नव्हतं. पण कुठला फिडर कुठून फिरतो, कुठल्या वाडीत कुणाकडे जनरेटर आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. ते माहीत होतं स्थानिक वायरमनांना, त्यांत नाव नसलेले झिरो वायरमनही आले. वादळात त्यांची गरज सगळ्यांनी उघडपणे मान्य केली.

त्यांना एरवीही मान्यता देण्याची वाट सरकारने काही वर्षांपूर्वी काढली होती. छोट्या ग्रामपंचायतींमध्ये आयटीआयचा वीजतंत्री किंवा तारतंत्री अभ्यासक्रम झालेला गावातलाच तरुण 'ग्रामविद्युत व्यवस्थापक' म्हणून नेमायचा, फ्यूज टाकणं, किरकोळ दुरुस्ती, मीटरचं वाचन त्याच्याकडे द्यायचं, अशी ती योजना. मानधन किती आणि ते कुणी द्यायचं यावर तिची जास्त चर्चा झाली. मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. त्या पोराला दर वर्षी प्रशिक्षण हवं, ग्रामपंचायतीच्या खर्चाने दोन डिस्चार्ज रॉड, बेल्ट आणि हातमोजे हवेत, शिवाय उपकेंद्राच्या प्राधिकृत यादीत त्याचं नाव हवं, म्हणजे त्याने स्वतःच्या नावाने परमिट मागितलं तर यंत्रचालकाला ते देता येईल. रॉडची किंमत डीपी जळाल्यावर गाव वर्गणी काढतं त्यापेक्षा कमीच असते.